जागृतीचं गवत

प्रकाशा, ३० जून २०२४

रवे,

पोचले एकदाची. करमसिंगदादाची जीप सातपायरी घाटात दोनदा थांबली. एकदा दरड बाजूला करायला आणि एकदा एका म्हशीशी वाद घालायला. म्हैस जिंकली. त्यामुळे घरी आले तेव्हा अंगावर डोंगराची अर्धी माती होती. आईनं दारातच अडवलं. "इतला दिन डोंगरवर काय करी ऱ्हायनी व्हती तू?" म्हटलं, "गवत मोजं." तर म्हणते, "आपला मळामा गवत कमी शे का? तठे मोज ना!" पपईच्या मळ्यातलं गवत निंदून निंदून तिची कंबर गेलीय. पोरगी पीएच.डी. करते म्हणजे गवत वाढवायला लांब जाते, हे तिच्या पचनी पडायला अजून दोन पावसाळे लागतील.

आता कामाचं, आणि नीट वाच. होस्टेलमध्ये माझी पत्रं नुसती चाळून त्यातल्या चिवड्याची पुडी शोधायचीस, तसं करू नकोस. आवळीपाड्याच्या मागच्या डोंगरावर आपण जे चौकोन आखले, त्यातल्या निम्म्यांना जाळीचं कुंपण आहे, तिथं बकरी शिरणार नाही. निम्मे उघडे आहेत. त्यांच्या चार कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड आहेत आणि बाकी काही नाही. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडणार. पावसाळा संपल्यावर गवत आणि मोहाची, चारोळीची नवी रोपं मोजायची, की कळलंच डोंगर कशानं बोडका झाला ते.

तुला माहीतच आहे हे किती नाजूक प्रकरण झालंय. वनखात्याचे साहेब म्हणतात, डोंगर बकऱ्यांनी खाल्ला, सगळ्या उताराला तार मारून चराई बंद करू. तुमची वस्ती म्हणते, बकऱ्या काय आज आल्यात का, पाऊसच पहिल्यासारखा राहिला नाही. एका दिवसात कोसळतो, सगळं पाणी घेऊन खाली जातो, आणि मग तीन आठवडे फिरकत नाही, रोपं उभी वाळतात. जानेवारीत साहेब सभेला येणार, तेव्हा माझे चौकोन जे सांगतील ते दोघांनी ऐकायचं ठरलंय. तार आली तर निम्म्या वस्तीला बकऱ्या विकाव्या लागतील, हे मी विसरलेली नाही. पण जे दिसेल तेच सांगेन.

पावसात घाट बंद पडणार, मला सप्टेंबरपर्यंत वर येता येणार नाही. तोवर माझ्या चौकोनांवर लक्ष ठेव. होस्टेलमध्ये माझ्या डब्यावर ठेवायचीस तसं.

तुझी,
जागृती

*

आवळीपाडा, २१ जुलै २०२४

जागू,

तुझं पत्र करमसिंगनं प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून आणलं. फोन लावत होतीस असं तो म्हणाला. लावत जाऊ नकोस गं. नेटवर्कच्या टेकडीवर जाऊन हात वर करून उभं राहावं लागतं, आणि फोन लागलाच तर तुझी बडबड निम्मी वाऱ्यावर जाते. पत्रातच बरी आहेस तू, मध्येच थांबवता येतं.

पाऊस तू लिहिलास तसाच. दोन दिवस असा कोसळला की अंगणवाडीच्या ओट्यावर बेडूक वर्गाला आले. माझ्या पोरांनी त्यांची हजेरीही घेतली. त्यानंतर आजपर्यंत थेंब नाही. मका मान टाकून उभा आहे, बाबा सकाळ-संध्याकाळ आभाळाकडे बघून आमच्या पवारी बोलीत जे बोलतात ते मी लिहीत नाही.

तुझ्या चौकोनांची काळजी करू नकोस. मी रविवारी वस्तीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की जागृतीच्या चौकोनांवर लक्ष ठेवायचंय, तिच्या शिक्षणाचं काम आहे. बाबांनी विचारलं, "सगळ्यांवर?" मी म्हटलं, सगळ्यांवर. मोतीबाई काकी म्हणाली, हे तू आमच्यावर सोड. काकी म्हणजे आमच्या वस्तीतल्या सर्वांत जास्त बकऱ्यांची मालकीण आणि सर्वांत मोठ्या आवाजाचीही. तिनं मनावर घेतलं म्हणजे झालंच.

मला रोज वर जायला जमत नाही. पोषण आहार, वजनं आणि वरून गरोदर बायांच्या भेटी, यातच दिवस जातो. पण खालून तुझे पांढरे दगड दिसतात. छान दिसतात.

आईला नमस्कार सांग. आणि चिवड्याची पुडी का नव्हती पत्रात?

रविना

*

प्रकाशा, २६ सप्टेंबर २०२४

माझ्या लाडक्या रवे,

घरी पोचून पहिलं काम हे पत्र. काल वर असताना तुला नीट बोलता आलं नाही, कारण मी उड्या मारत होते!

तुला कळलं का काय झालंय? उघड्या चौकोनात आणि जाळीतल्या चौकोनात फरकच नाही. दोन्हीकडे पवन्या गवत गुडघ्यापर्यंत. मोहाची रोपं दोन्हीकडे, चारोळीची दोन्हीकडे. मी तीनदा मोजलं, सरांनाही मोजायला लावलं. बन्सीलाल सर, म्हणजे आमचे गाईड, हे तसे सुतकी चेहऱ्याचे गृहस्थ, पण तेही "अरे वा" म्हणाले. याचा अर्थ उघड आहे. बकऱ्या निर्दोष! वस्ती म्हणते तेच खरं, सगळा खेळ पावसाचा. यंदा ऑगस्टनंतर तो टिकून पडला म्हणून डोंगर उठला. जानेवारीत मी उभी राहून हे सांगणार, आणि साहेब तारेची भेंडोळी घेऊन परत जाणार.

मी तर आनंदानं मोतीबाई काकीला मिठीच मारली. ती हसत होती, गवतावरून असा हात फिरवत होती की जणू तिनंच ते पेरलंय. मग चार बोटं तोंडाकडे नेऊन मला पवारीत काहीतरी म्हणाली, मला काही ते कळलं नाही. तू म्हणालीस, चहा घेणार का विचारतेय. चहा काही आला नाही, पण तो विषय वेगळा.

सर मेमध्ये निवृत्त होतायत, त्याआधी प्रबंध त्यांच्या हातात द्यायचा, नाहीतर नवा गाईड म्हणजे नवी सुरुवात. आता ती भीती गेली. रवे, मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

तुझी,
(लवकरच डॉक्टर) जागृती

*

आवळीपाडा, १५ ऑक्टोबर २०२४

जागू,

अभिनंदन. खरंच बरं वाटलं. वस्तीतही सगळे खूश आहेत. बाबांनी तर तुझ्या नावानं बकरीच्या पिल्लाला हाक मारायला सुरुवात केलीय. माझ्या मते हा मान आहे, तू काय समजायचं ते समज.

मका बरा झाला. उडीद अर्धाच हाती आला. माझ्या अंगणवाडीला नवीन वजनकाटा मिळालाय, तो सगळ्या पोरांचं वजन सारखंच दाखवतो. गुलाबबाईच्या घरी जुळ्या मुली झाल्या, एकीचं नाव मी ठेवणार आहे. यंदा थंडी लवकर पडेल असं जुनी माणसं म्हणतात.

गवताचं काय, गवतच ते. पाऊस झाला की येतं.

रविना

*

प्रकाशा, १० नोव्हेंबर २०२४

रवे,

मी चार पानं लिहिली आणि तू मला वजनकाटा पाठवलास! बरी आहेस ना? भांडण झालंय का घरी?

इकडे सर हात धुऊन मागे लागलेत. आनंद ओसरल्यावर त्यांना शंका सुचायला लागल्या, त्यांची ती जुनीच सवय. परवा म्हणाले, "जागृती, तुझ्या उघड्या चौकोनात लेंड्या किती मिळाल्या?" मी वही उघडली. एकही नाही. सर म्हणाले, "बकऱ्या चरून जातात आणि मागे काही ठेवत नाहीत, एवढ्या सुसंस्कृत बकऱ्या मी पाहिल्या नाहीत." त्यावर मी पावसानं वाहून गेल्या असतील असं म्हटलं. मग त्यांनी मी काढलेले फोटो समोर मांडले. पांढऱ्या दगडांच्या आत गवत गुडघ्याएवढं, आणि बाहेर चार पावलांवर नखाएवढं. म्हणाले, "पाऊस काय दगड बघून पडतो का?"

रवे, मी फोटो स्वतः काढलेत गं, आणि मला ते दिसलंच नव्हतं. मी आतलंच मोजत बसले. काय असेल हे? तुझ्या बकऱ्यांची काही विशेष सवय? तू तिथली, तुला माहीत असणार. लगेच लिही.

जागृती

*

आवळीपाडा, २० नोव्हेंबर २०२४

जागू,

बकऱ्यांना चुन्याचा वास आवडत नसेल.

घाईत आहे, पोलिओचे डोस आलेत.

रविना

*

प्रकाशा, ९ डिसेंबर २०२४

रविना,

आज "रवे" नाही. का ते वाच.

काल सकाळी मी मागे केस धूत होते आणि पुढे अंगणात कोणीतरी आलं. आईचा आवाज ऐकू आला, "तुमी कोन?" मग एक मोठा, ओळखीचा आवाज. "जागृतीनं घर हाईच शे का?" "हाईच शे." "आम्ही तिन्हासाठे लाह करी. जेवन बाकी शे." "कशानं जेवन?" "गवत राखानं."

मग आईची ती हाक, तापीच्या पलीकडे गेली असेल. "जागृती! तुन्हा गवतनं जेवन मांगी ऱ्हायनी हाई बाई!"

ओल्या केसांनी बाहेर आले तर मोतीबाई काकी. तिचा मुलगा इकडे ऊसतोडीला आलाय, त्याला भेटायला उतरली होती, म्हटलं वाटेत पाटलाच्या पोरीलाही, म्हणजे मलाही, आठवण करून द्यावी. आईनं तिला बसवलं, चहा दिला, आणि दोघींनी बाजारातल्या अहिराणीत माझ्यासमोर माझाच निकाल लावला. तुमच्यात लाह म्हणजे काय ते मला काकीकडून कळलं. एकाचं काम असलं की सगळी वस्ती मजुरी न घेता येऊन ते करते. ज्याचं काम, त्यानं शेवटी सगळ्यांना जेवू घालायचं आणि पुढे त्यांच्या कामाला हात लावायचा. आणि माझं काम कोणतं? तर उघडे चौकोन राखणं! घरटी पाळी लावली होती म्हणे. रोज एक माणूस काठी घेऊन दगडांपाशी बसायचा. जाळीच्या चौकोनांना जाळी आहे, पण बिचाऱ्या उघड्यांना कोण आहे, म्हणून ते जास्त जपले. मला सांगताना काकीच्या तोंडावर एवढा अभिमान होता की मी नुसती मान डोलवली. मी हसले. ती गेल्यावर आत जाऊन रडले.

उघडे चौकोन बकऱ्यांनी खावेत म्हणून उघडे ठेवले होते, रविना. ते राखायचे नव्हते. त्यांची ही चूक मी समजू शकते, "लक्ष ठेव" हे मीच लिहिलं. पण सप्टेंबरमध्ये काकी तोंडाकडे बोटं नेऊन जेवणच मागत होती ना? तू म्हणालीस चहा. चुन्याचा वास म्हणालीस. तुला तेव्हाच माहीत होतं. का केलंस असं?

जागृती

*

आवळीपाडा, १४ डिसेंबर २०२४

जागू,

हो, माहीत होतं. जुलैत नव्हतं. तुझं "लक्ष ठेव" मी तसंच पुढे दिलं, आणि वस्तीनं ते आपल्या पद्धतीनं घेतलं. ऑगस्टमध्ये एकदा बाबा दुपारभर घरी नव्हते, विचारलं तर म्हणाले, जागृतीच्या दगडांवर माझी पाळी होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला लगेच लिहायला बसले होते.

मग वाटलं, लिहिलं तर काय होईल? ते लोक राखण थांबवतील, बकऱ्या चौकोन खातील, तुझ्या मोजणीत बकऱ्या दोषी ठरतील आणि तार येईल. गप्प बसले तर पाऊस दोषी ठरेल, आणि पावसाला कोणी तार मारू शकत नाही. धनुबाईच्या घरात बकऱ्यांशिवाय दुसरं काही नाही, तू तिचं घर पाहिलंयस. मी गप्प बसले. तू सप्टेंबरमध्ये उड्या मारत होतीस तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि मी म्हटलं चहा.

मी तुझ्या शिक्षणाशी खेळले, हे मला कळतं. तुझं रडणं मला इथं ऐकू आलं असं समज. पण जागू, खरं सांगू का, परत तीच वेळ आली तर मी काय करेन हे मला आजही सांगता येत नाही.

तू जानेवारीत काय सांगशील ते सांग. मी वस्तीला अजून काही बोललेले नाही. त्यांना वाटतं त्यांनी तुझ्यावर उपकार केलेत. तो समज मी माझ्या तोंडानं मोडणार नाही.

रविना

*

प्रकाशा, ५ जानेवारी २०२५

रवे,

हो, परत "रवे". तीन आठवडे राग धरून बघितला, मला जमत नाही. राग धरायला माणूस शिस्तीचं लागतं.

सरांना सगळं सांगितलं. सांगताना माझी बोबडी वळली होती. ऐकून त्यांना हसू फुटलं. तीस वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं, असं त्यांची बायको आतून म्हणाली. "कुंपणाचे, उघडे, आणि हे तिसरेच निघाले, पाळीचे!" असं म्हणून डोळे पुसत होते. मग गंभीर झाले. म्हणाले, "हे जसं झालं तसं लिही. पण यावर प्रबंध होणार नाही. खरोखर चरलेले चौकोन नाहीत, बाहेरचं तू मोजलंच नाहीस, तर तुलना कशाशी करणार? तुला आणखी एक पावसाळा लागेल, आणि तेव्हा मी नसेन." म्हणजे नवा गाईड आणि नवी सुरुवात. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय. तू कबूल केलं नसतंस तरी मी सरांना खरं सांगणारच होते, त्यात मोठेपणा दाखवायचा नाहीये.

पण झोप न लागता पडले असताना एक गोष्ट सुचली. सभेत मी जे आहे तेच सांगणार. जाळीतलं गवत आणि काठी घेऊन बसलेल्या माणसांनी राखलेलं गवत, यात फरक नाही. आणि बाहेरचा डोंगर नखाएवढा, पाऊस तोच असून. म्हणजे साहेबांचं अर्धं खरं, बकऱ्या खातात. आणि वस्तीचंही अर्धं खरं, कारण जुलैच्या त्या कोरड्या आठवड्यांत राखलेल्या चौकोनांतलीही कितीतरी रोपं वाळली, त्यांच्या वाळक्या काड्या मी सप्टेंबरमध्ये टिपल्यात. पाऊस हातात नाही. बकरी आहे. आणि तिला अडवायला तारच लागते असं माझे चौकोन म्हणत नाहीत.

जेवणाचं म्हणशील तर आईनं ताबा घेतलाय. वांगी, शेव, तिखट, तेल, सगळं बांधून झालंय, आणि स्वतः जीपमध्ये बसून येणार आहे. "लोकेसनं जेवन बाकी ठेवानं नई," म्हणते. घाट चढताना तिचे डोळे मिटलेले असतील, तेवढं करमसिंगदादाला सांगून ठेव.

जागृती

*

आवळीपाडा, २ फेब्रुवारी २०२५

जागू,

तुमची जीप वळणाआड गेली आणि इथं खरी सभा सुरू झाली. म्हणून हे पत्र.

तू बोललीस तेव्हा मी बायांच्या मागे तोंड लपवून बसले होते. "उघडे चौकोन चरायला ठेवले होते, माझ्या सांगण्यात चूक झाली," असं म्हणालीस. माझं नाव कुठेच घेतलं नाहीस. माझं देणं काही एवढ्यानं फिटणार नाही, पण कळलं मला. साहेबही भले निघाले. "दहा पावलांचा चौकोन राखणं वेगळं आणि डोंगर राखणं वेगळं. दिवाळीपर्यंत राखून दाखवा, तार आणत नाही. नाही जमलं तर मग मला बोलू नका," एवढं म्हणून ते तुझ्या आईच्या शेवभाजीकडे वळले आणि नंतर पाण्याच्या हंड्याकडे. तिखट जरा जास्तच होतं. पण आमच्या बाया अजून ओठ चाटून त्या भाजीचं कौतुक करतात.

तू गेल्यावर मोतीबाई काकीनं आधी मला कोपऱ्यात घेतलं. तिला सगळं कळलं होतं. "म्हणजे आम्ही राखलं म्हणून पोरीचं वर्ष गेलं?" मी हो म्हटलं. ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. मग उठली आणि तिनं वस्तीला जे सुनावलं ते मी जमेल तेवढं मराठीत लिहिते. पोरीचे चौकोन राखायला तुम्हाला वेळ होता, आपला डोंगर राखायला नाही? बाबा म्हणाले, पावसात बकऱ्या न्यायच्या कुठं? करमसिंगचा भाऊ म्हणाला, नाल्याच्या बाजूला आणि बांधावर. कोणी म्हणालं, तेवढ्यात पोट भरत नाही. दोन दिवस भांडण चाललं. अखेर ठरलं ते असं. पावसापासून दिवाळीपर्यंत उतारावर बकरी नाही. गवत विळ्यानं कापून घरी आणायचं, घराघराला उताराची वाटणी आणि घरटी राखणीची पाळी. होळीआधी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात, तेही यंदा नाही, झाडूनच काढायचा, म्हणजे रोपं जळणार नाहीत. हे शेवटचं बायांनी लादलं, कारण झाडायचं त्यांनाच आहे.

टिकेल का ते मला माहीत नाही. धनुबाईनं पाच बकऱ्या विकल्या. ती माझ्याशी बोलत नाही.

रविना

*

प्रकाशा, ३ जुलै २०२५

रवे,

नवीन गाईड मॅडम चांगल्या आहेत, फक्त त्यांना सगळं कालपर्यंत हवं असतं. त्यांचं म्हणणं सरांसारखंच. जाळीचे चौकोन आहेत, राखलेला डोंगर आहे, पण बकऱ्यांनी चरलेली जागा कुठाय? ती नसेल तर राखल्यानं नेमकं किती वाचलं हे कोण सांगणार? आणि दिवाळीत साहेब आले की त्यांनाही आकडे हवे असतील, नुसतं "हिरवं झालं" म्हणून चालणार नाही.

म्हणून अगदी अवघडून विचारते. उतारावर एक जागा मला खरोखर उघडी मिळेल का? बकऱ्यांनी रोज चरावी अशी. मी काय मागतेय ते मला कळतंय. साऱ्या वस्तीनं काठ्या घेऊन जे वाचवायचं ठरवलंय, त्यातला एक तुकडा माझ्यासाठी खाऊ घाला म्हणतेय. नाही म्हणालात तर मी काहीतरी दुसरं बघेन, रागावणार नाही.

पाऊस कसाय? इकडे आला आणि गेला.

जागृती

*

आवळीपाडा, २४ ऑगस्ट २०२५

जागू,

तुझं पत्र मी वस्तीत वाचून दाखवलं. यावेळी शब्दन् शब्द समजावून, फळ्यावर चौकोन काढून. ऐकून घेतलं सगळ्यांनी, आणि मग जो तो आपापल्या पायाकडे बघायला लागला. बाबा म्हणाले, माझी वाटणी वरच्या अंगाला आहे, तिथं बकरी चढणार नाही. त्यांची बकरी झाडावर चढते. गुलाबबाई म्हणाली, माझ्या वाटणीत चारोळी चांगली आलीय. ज्यांना फेब्रुवारीत ही कटकट नको होती, ते सगळे आता आपापल्या तुकड्याला चिकटून बसलेत. मला हसूही येत होतं आणि तुझी काळजीही वाटत होती. महिना असाच गेला.

पाऊस यंदाही तसाच वेडा. जुलैत धो धो, आणि मग या महिन्यात वीस-बावीस दिवस काहीच नाही. पण तू येऊन बघ. गवताखाली हात घातला तर माती अजून गार लागते. वाळली काही रोपं, पण सगळी नाही वाळली. धनुबाई परवा माझ्याशी बोलली. "गवत बरं आहे," एवढंच. मला पुरलं.

तर काल सकाळी मोतीबाई काकी माझ्या दारात. म्हणाली, चल, माझ्या वाटणीतला तुकडा दे तिला. मागच्या वर्षी मी राखून तिचं बिघडवलं, यंदा खाऊ घालून नीट करते. आम्ही वर गेलो, कोपऱ्यांना दगड लावले, आणि काकीनं बकऱ्या आणल्या. तर बकऱ्या आत जाईनात! दोन पावसाळे तिचीच काठी खाल्लीय त्यांनी, उताराच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. अखेर काकीनं काठी लांब फेकून दिली, स्वतः आत जाऊन गवत उपटलं आणि हातानं भरवत भरवत त्यांना आत नेलं. एकदा आत गेल्यावर मग त्यांना कोण सांगणार! अशा तुटून पडल्या की काय सांगू.

काकी बघत उभी होती. मध्येच चटकन पुढे झाली आणि डोक्यावरची टोपली एका ठिकाणी पालथी घातली. खाली मोहाचं रोप होतं, वीतभर, चार पानांचं. मी म्हटलं, काकी, असं चालणार नाही, मग ते उघडं राहिलं नाही ना. ती टोपलीवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मी दुसरीकडे बघत होते. मग तिनं टोपली उचलली, पाठमोरी झाली आणि उतारावरून खाली जायला लागली. थोडं खाली गेल्यावर, मागे न बघता, तिच्या त्या आवाजात ओरडली, "खाल्लं का?"

बकरीनं दोन घासांत खाल्लं होतं. मी हो म्हटलं.

"मग लिही पोरीला. मोहाचं होतं, चांगलं होतं, एक गेलं म्हणावं."

तर लिहून घे, जागू. एक गेलं.

रविना